मारुतराव गुरुजींची बदली

एकोणऐंशी साल होतं. कार्तिक निम्मा सरला होता आणि नदीकाठच्या रानात गव्हाची पेर चालली होती. अशा दिवसांत सुसरवाडीच्या फाट्यावर मीरासाहेबाला मान वर करायला फुरसत नसायची. त्याचं दुकान म्हणजे चार बांबूंवर टाकलेला पत्रा, मागं बाभळीला टांगलेले जुने टायर आणि पुढं पाण्याचं घमेलं. तांबडं फुटायच्या सुमाराला पहिल्या शिफ्टची माणसं सायकली ढकलत यायची. कुणाची चेन उतरलेली, कुणाच्या चाकात काटा. पिंपरीच्या कंपनीचा भोंगा गाठायचा म्हणून जो तो डोक्यावर उभा राहायचा. ती पांगली की बैलगाडीतून डिझेलची इंजिनं यायची. मग दिवसभर मीरासाहेबाचे हात कोपरापर्यंत काळे.

त्याचं दुसरंही एक काम होतं. चिंचवडात आबाजी नावाच्या माणसाचा एक छोटा छापखाना होता आणि तो ‘पवनाकाठ’ नावाचं साप्ताहिक काढायचा. मीरासाहेब त्याचा बातमीदार. एस.टी. वेळेवर येत नाही, विजेच्या तारेला चिकटून बैल मेला, असल्या चार ओळी तो दुपारच्या वेळी लिहायचा आणि कंपनीत जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती धाडून द्यायचा. सातवी शिकलेला माणूस, पण अक्षर वळणदार. आपलं नाव छापून येतं याचं त्याला कौतुक होतं आणि त्याच्या बायकोला, खैरुन्निसाला, त्याहून जास्त. ती दुकानाच्या मागं घरात शिलाईचं मशीन चालवायची. गावातल्या बायांच्या चोळ्या-पोलकी तिच्याकडंच.

त्या दिवशी सकाळी सोनबा आला. सायकलीच्या कॅरिअरवर त्याची पोरगी इंद्रायणी बसली होती. चौथीतली. डोक्याला फडकं गच्च बांधलेलं.

"पुढलं चाक बसलंय. तेवढं बघ लौकर," सोनबा म्हणाला.

मीरासाहेबानं ट्यूब ओढून काढली, फुगवली, घमेल्यात बुडवली. बुडबुड्याकडं बघतच त्यानं विचारलं, "आज शाळा न्हाई व्हय गं, इंद्रे?"

पोरगी बोलली नाही. ती रस्त्याकडं बघत होती.

"इंद्रे, तुला इचारतोय मी."

"तिला त्या बाजूनं ऐकू येत न्हाई," सोनबा घाईघाईनं म्हणाला. "कान फुटलाय. थंडीनं. चिंचवडच्या डाक्टरला दावतो."

खैरुन्निसा चहा घेऊन आली होती. ती पोरीच्या त्याच बाजूनं वाकली आणि फडकं जरा सरकवलं. कानात कापूस होता, पिवळा पडलेला. आणि कानापासून गालावर उतरलेले बोटांचे वळ होते, चार, काळेनिळे. खैरुन्निसानं सोनबाकडं बघितलं. सोनबानं सायकलीकडं बघितलं.

"झालं का रं?" तो म्हणाला. "डाक्टर जाईल निघून."

दुपारी मीरासाहेबाची पोरगी झुलेखा शाळेतून आली. तीही चौथीतच. आईनं भाकरी पुढं ठेवून सहज विचारावं तसं विचारलं, आणि पोरीनं घास चावत चावत सगळं सांगितलं. मारुतराव गुरुजींनी सरपंच अर्जुनरावांचं रान वाट्यानं केलं होतं. त्यात भुईमूग काढायला आला होता. गुरुजी रोज दुपारनंतर वरच्या वर्गाची पोरं तिकडं न्यायचे. इंद्रायणीनं उपटता उपटता मूठभर शेंगा ओटीत टाकल्या. गुरुजींनी बघितलं, हाक मारली, आणि एकच लावली.

"ती पडली का?" मीरासाहेबानं विचारलं.

"पडली. मग उठून परत शेंगा उपटाय लागली. गुरुजी म्हनले, घरी सांगायचं न्हाई. पडले म्हनून सांगायचं."

"आन् तू बी उपटती का शेंगा?"

"सगळीच उपटत्यात, अब्बा."

मीरासाहेबाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. पोरीच्या नखांतली माती त्याला रोज दिसत होती. खेळून येते, असं तो समजत होता.

संध्याकाळी तो सोनबाच्या रानात गेला. सोनबा पाण्यासाठी सारे ओढत होता, त्याची बायको रंभा मागनं गहू टाकत होती. मीरासाहेबानं विषय काढला तसा सोनबा हातातलं दावं टाकून बांधावर बसला.

"गुरुजी हाय. मारनारच. आमी काय मार खाल्ला न्हाई?"

"डाक्टर काय म्हनला?"

"पडदा फाटलाय म्हनला." सोनबानं ढेकूळ उचलून चुरगाळलं. "ह्ये बघ मीरासाब. ह्या गव्हाला पानी अर्जुनरावाच्या इंजिनाचं. त्यानं पाळी दिली तर पीक, न्हाईतर नुसतं काड. आन् गुरुजी त्याच्या घरातलाच झालाय. तू छापून मोकळा हुशील. मी काय करू?"

 रंभा वाकून गहू टाकत राहिली.

दुसऱ्या दिवशी मीरासाहेब चिंचवडला गेला. आबाजी खिळे जुळवत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बोटांची शाई पुसली.

"मीरासाहेब, गुरुजीनं थोबाडीत मारली ही बातमी होत नाही. लोक म्हणतील, मारतो म्हणूनच पोरं शिकतात. सोनबा नाव द्यायला तयार आहे?"

"न्हाई."

"मग? हा मास्तर तुमच्याकडं यायच्या आधी कुठं होता?"

"मुळशीकडं डोंगरात. घोटीमाळ म्हनून गाव हाय."

"तिथनं का हलवला? काही तक्रार होती का? तालुक्याच्या कचेरीत त्याची फाईल असेल. ती बघ. कागद असला तर मी पहिल्या पानावर छापतो."

मीरासाहेबानं दुकान बंद ठेवलं, धुतलेला सदरा घातला आणि तालुक्याच्या गावी, पौडाला गेला. पंचायत समितीच्या कचेरीत शिक्षणाचा विभाग मागच्या खोलीत होता. कारकुनानं त्याला बाकावर बसायला सांगितलं. दुपार झाली. कारकून जेवून आला, पान लावून झालं, पेपर वाचून झाला. मीरासाहेब बसून होता. त्याच्या देखत इतर माणसं आत गेली आणि बाहेर आली. शेवटी विस्तार अधिकाऱ्यांनी बोलावलं. पन्नाशीचे, शांत बोलणारे गृहस्थ होते. समोर खुर्ची रिकामी होती, पण बसा म्हणाले नाहीत.

"काय करता आपण?"

"पवनाकाठचा बातमीदार हाय, सायेब."

"ते झालं. पोटाला काय करता?"

"सायकलीचं दुकान हाय. इंजिनं बी दुरुस्त करतो."

कारकून दारात उभा राहून हसला. साहेब हसले नाहीत. मीरासाहेबाच्या नखांकडं मात्र त्यांनी बघितलं.

"असं आहे, शिक्षकांच्या तक्रारी गोपनीय असतात. उद्या कुणीही उठेल आणि मास्तरांची फाईल मागेल. तुम्ही पालक आहात? अर्जदार आहात?"

"न्हाई."

"मग तुमचा संबंध नाही. ज्यानं अर्ज केला त्याला त्याच्या अर्जाची नक्कल मिळते. बाकी कुणाला नाही. या आता."

मीरासाहेब एस.टी.त बसला तेव्हा त्याचे कान तापले होते. ‘पोटाला काय करता’ हे शब्द त्याच्या डोक्यातून जाईनात. पण पौडाच्या पुढं गाडी वळणावर आली आणि त्याच्या ध्यानात आलं की साहेबांनी हाकलता हाकलता एक वाट दाखवून ठेवली आहे. ज्यानं अर्ज केला, त्याला नक्कल मिळते.

सुट्टीच्या दिवशी तो सायकल घेऊन घोटीमाळला निघाला. चढाला उतरून ढकलावी लागत होती. डोंगरात भाताची झोडणी चालू होती, खळ्याखळ्यावर धूळ उडत होती. गावात शिरल्यावर त्यानं मारुतराव गुरुजींचं नाव काढलं तशी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग एका म्हाताऱ्यानं हातातली पेंढी खाली ठेवून खालच्या आळीकडं बोट केलं. "शालनबाईला इचारा."

शालनबाई विधवा बाई. अंगानं काटक, केसांत भाताचं भूस. ती लाकडी फळीवर भात झोडत होती आणि तिचा तरणा मुलगा भिवा पेंढ्या आणून देत होता. तो पेंढी उजव्या हातानंच उचलायचा. डावा हात कोपरात वाकडा होता.

"मारुत्या मास्तर?" बाईनं पेंढी थांबवली. "कुठं हाय त्यो?"

"आमच्या गावात."

"तुमच्यात बी शाळा हाय?"

"हाय की. नऊ सालं झाली त्याला येऊन."

बाई खळ्यावरच बसली. पदरानं तोंड पुसून तिनं हळूहळू सांगितलं. भिवा तेव्हा लहान होता. गुरुजींनी त्याला आपल्या घराच्या कौलांवर चढवलं होतं, कौलं शाकारायला. याच्या हातनं दोन फुटली. गुरुजींनी खाली ओढला आणि हात पिरगाळला. हाडवैद्यानं बांधला, पण तो सांधला वाकडाच. तिनं अर्ज केला होता. तालुक्याहून साहेब आले, चौकशी करून गेले आणि थोड्या दिवसांनी गुरुजींची बदली झाली.

"गावानं नारळ फोडला," ती म्हणाली. "आमी म्हनलं, गेली बला." मग ती थांबली. "तुमच्याकडं आली व्हय ती?"

भिवानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मी पिंपरीला कंपनीत गेलतो भरतीला. डाक्टर म्हनला, दोन्ही हात वर कर. केलं. म्हनला, जा घरी."

मीरासाहेबानं नकलेचं सांगितलं. बाईला त्या शब्दाचा अर्थ कळला नाही. तुम्ही दिलेल्या अर्जाचं पुढं काय झालं त्याचा कागद, असं त्यानं समजावलं.

"मागितला तर देत्यात?"

"तुमाला द्यावाच लागंल. मला न्हाई देत."

शालनबाईनं पेंढी उचलली आणि फळीवर आपटली. दाणे उडाले. "भात घरात पडू द्या. मग येते."

असल्या गोष्टी लपून राहत नाहीत. मीरासाहेब घोटीमाळला जाऊन आला हे सुसरवाडीत आठवडाभरात सगळ्यांना कळलं. आधी अर्जुनराव आले. बुलेटवरून उतरले, पत्र्याखाली उभे राहिले आणि बांबूला हात लावून बघितला.

"ही जागा गावठाणाची हाय, मीरासाब. ग्रामपंचायतीत तक्रार आलीय म्हनं. रस्त्याला अडचन होती."

"कुनाची तक्रार, अर्जुनराव?"

"त्ये सांगता येत न्हाई," अर्जुनराव हसून म्हणाले. "गोपनीय असतंय."

मग गिऱ्हाईक कमी झालं. इंजिनं ताथवड्याच्या मिस्त्रीकडं जायला लागली. खैरुन्निसाकडं शिवायला दिलेली कापडं दोघी-तिघींनी तशीच परत नेली. काही न बोलता, घडी करून, पिशवीत घालून. ती रिकाम्या मशीनवर हात ठेवून बसली होती तेव्हा मीरासाहेब म्हणाला, "सोडून देऊ का?"

"झुलेखाच्या नखांतली माती मी रोज धुते," ती म्हणाली. "सोडून काय देता?"

एका सकाळी खुद्द मारुतराव गुरुजी आले. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात सायकल. मागच्या चाकात हवा नव्हती. मीरासाहेबानं पंप लावला. गुरुजी बाकड्यावर टेकले. गोरेपान, नीटस माणूस. वर्गात पाढे म्हणताना त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू यायचा.

"मीरासाहेब, तुमच्या झुलेखाला मी कधी बोट लावलंय का?"

"न्हाई, गुरुजी."

"हुशार आहे पोरगी. स्कॉलरशिपला बसवायचा विचार आहे माझा." ते उठले, चाक अंगठ्यानं दाबून बघितलं. "पुढंही लावणार नाही."

ते सरळ बसून सायकल मारत निघून गेले.  त्या दिवसापासून खैरुन्निसानं पोरीला शाळेत पाठवलं नाही.

शालनबाईचा निरोप आला तेव्हा गहू वीतभर वर आला होता. ठरल्या दिवशी मीरासाहेब फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभा होता. इतक्यात रंभा येताना दिसली. नवं लुगडं, पायात सोनबाच्या वहाणा, इंद्रायणीचा हात धरलेला. मागं खैरुन्निसा चालत होती. दोघींचं आधीच काही बोलणं झालं असावं.

"सोनबा?" मीरासाहेबानं विचारलं.

"गव्हाला दारं धराय गेल्यात," रंभा म्हणाली. "पानी हाय तवर धरू द्या."

कचेरीच्या व्हरांड्यात शालनबाई आणि भिवा आधीच येऊन बसले होते. रंभा त्यांच्या शेजारी बसली. दोघी बायांची ओळख नव्हती. शालनबाईनं इंद्रायणीच्या कानातल्या कापसाकडं बघितलं, रंभानं भिवाच्या हाताकडं. मग शालनबाईनं पदराच्या गाठीतून चण्या-फुटाण्यांची पुडी सोडली आणि पोरीपुढं धरली.

कारकून बाहेर आला. "अशी कुठलीच फाईल नाही. मी बघितलं."

"मग न्हाई असं लिहून द्या," मीरासाहेब म्हणाला.

"तुमचा काय संबंध?"

"माझा न्हाई. बाईंना द्या."

आवाज ऐकून विस्तार अधिकारी दारात आले. शालनबाई त्यांच्याकडं बघत राहिली. उठून उभी राहिली, दोन पावलं पुढं गेली.

"सायेब, तुमीच आलता की."

"कुठं?"

"घोटीमाळला. माझ्या भिवाचा हात मोडला तवा. माझ्या दारात बाजल्यावर बसला हुता. ह्याला बिस्कुटाचा पुडा दिलता तुमी. म्हनला हुता, बाई, रडू नका, मी बघतो." तिनं मुलाला खांद्याला धरून पुढं केलं. "ह्योच त्यो."

 साहेबांनी भिवाकडं बघितलं. चष्मा काढून रुमालानं पुसला, परत घातला. कारकून काही बोलायला गेला तर त्यांनी हातानंच त्याला थांबवलं.

"घोटीमाळची फाईल आणा," ते म्हणाले.

फाईल यायला उशीर लागला. आली तेव्हा तिच्यावर धूळ होती. साहेबांनी पानं उलटली, एका पानावर थांबले. बराच वेळ ते वाचतच राहिले. चार ओळींना एवढा वेळ लागत नाही.

"वाचा की," शालनबाई म्हणाली.

त्यांनी खालच्या आवाजात वाचलं. "मुलाचा हात झाडावरून पडल्याने मोडला. शिक्षकांविषयी माझी काही तक्रार नाही. गैरसमजातून केलेला अर्ज मी स्वखुशीने मागे घेत आहे." खाली डाव्या हाताचा अंगठा होता.

शालनबाईनं कागद जवळून बघितला. तिला वाचता येत नव्हतं, पण अंगठ्यावरची चीर तिनं ओळखली. विळा लागून पडलेली.

"अंगठा माझाच हाय, सायेब," ती म्हणाली. "लिवलंय ते माझं न्हाई."

"गावच्या लोकांनी मला सांगितलं की, आपसात मिटलंय…" साहेब बोलता बोलता थांबले.

"मला कुनी इचारलं न्हाई. तुमी म्हनला, हितं अंगठा करा, म्हंजी मास्तर जाईल. केला."

कारकून जमिनीकडं बघत होता. साहेबांनी फाईल मिटली, पुन्हा उघडली. मग कारकुनाला म्हणाले, "नक्कल द्या बाईंना. शिक्का मारून."

मीरासाहेबाला वाटलं होतं की कागद हाती आला म्हणजे जिंकलो. आता कागद हाती होता आणि तो खोटं बोलत होता. रंभाकडं तिचा अर्ज होता, इंद्रायणीच्या कानाचा, व्हरांड्यात बसून मीरासाहेबानंच लिहून दिलेला. तो तिनं टेबलावर ठेवला आणि पोच मिळेपर्यंत ती टेबलापासून हलली नाही.

आबाजीनं नक्कल दोनदा वाचली. "हे छापलं तर लोक कचेरीचंच खरं मानतील."

"दोन्ही छापा," मीरासाहेब म्हणाला. "एका अंगाला कागद, दुसऱ्या अंगाला शालनबाई काय म्हनती त्ये. तिच्याच बोलीत. आन् खाली रंभाबाईचा अर्ज. आपलं एक अक्षर नको."

तसंच छापून आलं. पहिल्या शिफ्टच्या माणसांनी अंक कंपनीत नेला आणि तो हातोहात फिरला. ज्या दिवशी अंक गावात आला त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या माणसांनी मीरासाहेबाचा पत्रा उतरवला. टायर रस्त्यावर फेकले, घमेलं उलटं केलं. मीरासाहेब बाजूला उभा राहून बघत होता. हत्यारांची पेटी तेवढी त्यानं पोटाशी धरली होती. कंपनीतून सुटून आलेल्या दोघा-तिघांनी सायकली लावल्या, बांबू उचलले आणि ताथवड्याच्या रस्त्याला, गावठाणाच्या हद्दीबाहेर, एका ओढ्याकडेला पुन्हा रोवून दिले.  एक जण जाताना म्हणाला, "उद्या चेन बघाय येतो रं."

सोनबाच्या गव्हाचं पाणी बंद झालं. अर्जुनरावाचं इंजिन धडधडत होतं, पण पाट दुसरीकडं फिरवला होता. शेंड्याकडनं गहू पिवळा पडत गेला. सोनबा बांधावर बसून असायचा. बायकोला तो एका शब्दानं बोलला नाही आणि तेच तिला जड जायचं. ती खांद्यावर घागर घेऊन नदीवरून पाणी आणायची आणि निदान चार सारे तरी जगावेत म्हणून ओतायची. मग एक दिवस सोनबाही कावड घेऊन निघाला.

पौषात बातमी आली, गुरुजींची बदली झाली. आंबेटेंभ म्हणून डोंगरात आणखी आत एक गाव होतं, तिथं. अर्जुनराव मुद्दाम ताथवड्याच्या रस्त्याला आले.

"झालं का समाधान? गेला गुरुजी. मिटवा आता. सोनबाला सांग, उद्यापास्नं पानी घे म्हनावं."

मीरासाहेब रानात सांगायला गेला. सोनबानं कावड खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "सुटलो रं," तो म्हणाला.

रंभा उभी होती. "आंबेटेंभाला शाळा हाय?"

"हाय," मीरासाहेब म्हणाला. "एकच मास्तर असतोय तितं."

"म्हंजी पोरं बी असतील."

 घागरीतलं पाणी तिनं गव्हाच्या बुडाशी ओतलं आणि घागर पालथी घातली.

"शालनबाईनं नारळ फोडला," ती म्हणाली, "आन् माझ्या पोरीचा कान गेला. आता मी फोडू?"

"पानी मिळतंय, रंभे," सोनबा म्हणाला. त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"मिळतंय. ठावं हाय मला."

दुसऱ्या दिवशी ती खैरुन्निसाकडं गेली. दोघी मिळून घरोघर फिरल्या. चोळ्या परत नेणाऱ्या बायांच्या दारीही गेल्या. कुणी दार लावून घेतलं, कुणी चुलीपुढनं उठलीच नाही. पण ज्यांची पोरं शेंगा उपटत होती अशा पाच-सात जणी निघाल्या. कचेरीत गेल्यावर त्यांचं म्हणणं कारकुनाला कळेचना.

"बदली रद्द करा म्हणता? आधी तुम्हीच तक्रार केली ना?"

"गुरुजीला हलवू नका," रंभा म्हणाली. "वर्गात घेऊ नका, पर गावातनं हलवू नका. आधी चौकशी करा, आमच्या म्होरं. मग कुठं पाठवायचा त्ये बघा."

विस्तार अधिकारी आतून ऐकत होते. त्यांनी बायकांना आत बोलावलं आणि या वेळी खुर्च्या मागवल्या. बदली थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. पण त्यांनी जिल्ह्याला पत्र पाठवलं, आणि त्यात घोटीमाळच्या जबाबाविषयी आपल्या स्वतःच्या नावानं काय लिहिलं ते त्यांनी बायकांना वाचून दाखवलं.  पुढं त्यांनाही त्याचा जाब द्यावा लागला, असं मीरासाहेबाच्या कानावर आलं.

त्या पत्रानं बदली थांबली आणि चौकशी माघात झाली, शाळेच्याच पडवीत. जिल्ह्याहून दुसरे साहेब आले होते. मारुतराव गुरुजी एका बाजूला टोपी मांडीवर घेऊन बसले होते. टोपीशिवाय ते वेगळेच दिसत होते, म्हातारे. अर्जुनराव आले नाहीत. पोरांनी सांगितलं, बायांनी सांगितलं. घोटीमाळहून शालनबाई आली आणि तिनं सांगितलं. साहेब लिहीत गेले. शेवटी त्यांनी कागद रंभापुढं सरकवला, शाईची डबी उघडली.

"बाई, इथं अंगठा."

रंभानं हात पदराखाली घेतला. "आदी वाचून दावा."

साहेबांनी वाचलं. ‘गुरुजींनी शिस्तीसाठी एक चापट मारली’ इथं आल्यावर तिनं थांबवलं.

"शिस्तीसाठी न्हाई. शेंगांसाठी."

साहेबांनी तिच्याकडं बघितलं, शब्द खोडला, वर दुसरा लिहिला. परत वाचलं. मग तिनं अंगठा केला. तिच्या मागनं आलेल्या प्रत्येक बाईनं आपला जबाब आधी वाचून घेतला. उन्हं कलली तरी साहेब वाचतच होते.

गव्हाचे चार सारे तेवढे हाती लागले. सोनबानं ते कापले, झोडले, आणि पुढच्या पेरीला आपण इंजिन घेऊ, जुनंपानं का असेना, मीरासाब नीट करून देईल, असं तो लोकांना सांगायला लागला. इंद्रायणी आणि झुलेखा शाळेत जायला लागल्या. नवीन मास्तरीण आली होती. पहिल्याच दिवशी तिनं इंद्रायणीला पुढच्या ओळीत, चांगला, उजवा कान फळ्याकडं येईल अशी बसवली.

हुकूम निघाला तेव्हा फाल्गुन संपत आला होता. मीरासाहेबानं तो अंकात छापायला दिला आणि पहिला अंक पिशवीत घालून घोटीमाळची वाट धरली. डोंगरउतारावर जागोजागी धूर दिसत होता. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस. शालनबाई वाफ्यात शेण-पाल्याचा थर पसरत होती, भिवा वाऱ्याकडं बघत काडीपेटी घेऊन उभा होता. मीरासाहेबानं सायकल बांधाला टेकवली आणि उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. शिक्षकी सेवेतून कमी करण्यात येत आहे, इथपर्यंत आल्यावर बाईनं हात वर केला.

"म्हंजी कुठल्या गावाला धाडला?"

"कुठंच न्हाई."

"कुठल्याच शाळेत न्हाई?"

"कुठल्याच न्हाई, शालनबाई."

तिनं शेणाचे हात पाल्याला पुसले. खाली आळीतल्या शाळेत पोरं पाढे म्हणत होती, ते वाऱ्याबरोबर मधूनमधून वर येत होतं. ती थोडा वेळ ऐकत उभी राहिली.

"लाव रं," ती भिवाला म्हणाली. "वारा पडलाय."